दुकानाबाहेर ओळख नाही

मावशी रस्त्यात कुणाला ओळख दाखवत नसत. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती आणि निम्म्या गल्लीला ती खटकत होती. भाजीला निघाल्या की नजर पिशवीत, बसमध्ये बसल्या की नजर खिडकीबाहेर. समोरून कुणी का येईना, मावशींचं आपलं चाललंय. गल्लीत नव्याने राहायला आलेले म्हणायचे, "काय शिष्ट बाई आहे हो!" जुने लोक नुसते हसायचे. त्यांना माहीत होतं की आपण आधी हाक मारली तर ह्याच मावशी भर रस्त्यात पिशवी खाली ठेवून अर्धा तास बोलतील, तुमच्या गुडघ्यापासून तुमच्या सासूपर्यंत सगळ्यांची चौकशी करतील. फक्त हाक आधी तुम्ही मारायची. त्या नाही मारणार.

हा त्यांच्या धंद्याचा नियम होता. मावशी केसांचे टोप बनवायच्या. विग म्हणा हवं तर, पण त्यांच्या दुकानात वडिलांच्या काळापासून टोपच म्हणत. वडील नाटक मंडळ्यांसाठी काम करायचे. राजे, राण्या, म्हातारे, भुतं, सगळ्यांच्या डोक्यावर त्यांचेच केस. पुढे नाटकं कमी झाली आणि दुकानाचं दार वेगळीच माणसं वाजवू लागली. आजारपणात केस गेलेली, औषधांनी गेलेली, काही तर कारण न सांगता एका वर्षात डोकं रिकामं झालेली. तेव्हा वडिलांनी मुलीला बजावलं होतं, "राणीचा टोप अख्ख्या नाट्यगृहाने बघायचा असतो. ह्या माणसांचा टोप कुणीच बघायचा नसतो. तू आणि ती, बस्स." मुलगी तेव्हा विशीतली होती. तिने ते असं मनावर घेतलं की साठी उलटली तरी सोडलं नाही.

दुकान किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि चपला शिवणाऱ्याच्या मध्ये होतं. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार बोळात. बहुतेक गिऱ्हाइकं बोळातून येत. आतला आरसा कापडाने झाकलेला असे आणि गिऱ्हाईक म्हणेल तेव्हाच ते कापड काढायचं. भिंतीवर लाकडी डोक्यांची रांग, खिडकीपाशी मावशींची खुर्ची, पुढ्यात बारीक जाळी आणि हातात केसाएवढीच बारीक आकडी. जाळीच्या एकेका डोळ्यातून एकेक केस ओवून गाठ मारायची. एक टोप पुरा व्हायला आठवडे जात. मावशींना विचारलं की कंटाळा येत नाही का, तर त्या म्हणत, "देवाला एवढे केस लावायला कंटाळा आला नाही, मला कसला?"

पण खरी गंमत बटणांची होती. गिऱ्हाइकाच्या डोक्याचं माप घ्यायला मावशी एक सुती टोपी शिवत आणि ती टोपी कपाटात जपून ठेवत, म्हणजे पुढच्या टोपाच्या वेळी परत माप घ्यायला नको. आता ही टोपी कुणाची, हे कळणार कसं? नाव लिहायचं नाही, कारण मावशी नाव विचारतच नसत. म्हणून वडिलांनी घालून दिलेल्या रीतीने त्या डब्यातून एकसारखी दोन बटणं काढत. एक टोपीला आतून शिवत, दुसरं गिऱ्हाइकाच्या हातात देत. पुन्हा याल तेव्हा हे दाखवा, एवढंच सांगत. निळं बटण, चार भोकांचं बटण, पितळी बटण, शिंपल्याचं बटण. कपाट उघडलं की शंभर डोकी, आणि एकाचंही नाव नाही. कुणी चोरून बघितलं तरी हाती काय लागणार, बटणं!

शिंपल्याचं बटण गणिताच्या बाईंचं होतं. बाई जवळच्या शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवत. एवढं मावशींना ठाऊक होतं, कारण बाईंच्या बाह्यांना खडू असे आणि एकदा टोप बसवता बसवता त्यांनी मावशींना कोन म्हणजे काय ते समजावून दिलं होतं. बाकी काही नाही. खांद्यापर्यंतचे तपकिरी केस, भांग उजवीकडे. दर दीड-दोन वर्षांनी बाई बोळातून येत, बटण काउंटरवर ठेवत, आणि नवा टोप घेऊन जात. शाळेत कुणाला पत्ता नव्हता. घरी फक्त आईला माहीत होतं.

हे सगळं वेबसाइटच्या आधीचं.

वेबसाइट मावशींच्या सुनेने आणली. सून हुशार, हौशी आणि सासूवर मनापासून जीव असलेली, म्हणजे तशी दुर्मिळ वस्तू. मुलगा नोकरीनिमित्त वर्षातले बरेच महिने बाहेर असायचा, तेव्हा घरात आणि दुकानात ह्या दोघीच. तिने एका वेबसाइटवाल्याला गाठलं, टोपांचे सुंदर फोटो काढले, आणि दुकान जगासमोर मांडलं. सोबत वेबसाइटवाल्याने एक फुकटची सोय जोडून दिली. एका जाहिरात कंपनीचा चार ओळींचा कोड. तो लावला की रोज किती माणसं साइटवर आली, कुठल्या टोपापाशी किती वेळ रेंगाळली, सगळं कळायचं.

दोघींना त्याचा नादच लागला. संध्याकाळी दुकान बंद केलं की सून फोन उघडायची.

"आई, आज दोनशे जण येऊन गेले!"

"दोनशे? आणि चहा कुणाकुणाला पाजलास?"

"आणि तो खांद्यापर्यंतचा तपकिरी आहे ना, तो एकाच व्यक्तीने सात वेळा बघितलाय."

"बघू दे की. चांगलाच आहे तो," असं म्हणून मावशी खुशीत आकडी डबीत ठेवायच्या. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा त्यांच्या डोक्यातही आलं नाही की आपण दोघी बोळाच्या दाराला डोळा लावून बसलोय.

मग एक दिवस गणिताच्या बाई आल्या. बोळातून नाही, पुढच्या दाराने. आल्या त्या बसल्याही नाहीत.

"मावशी, मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

मावशींच्या हातातली जाळी तशीच राहिली. काय झालं ते बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. जुना टोप थकत आला होता, म्हणून त्यांनी घरी बसून दुकानाची साइट बघितली होती. सहा-सात वेळा बघितली, आवडली. दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप शाळेत नेला. वर्तुळाचा एक छोटासा व्हिडिओ मुलांना दाखवायचा होता. भिंतीवर पडदा, वर्ग भरलेला. व्हिडिओ सुरू व्हायच्या आधी जाहिरात लागली. भिंतभर मोठं डोकं हळूहळू फिरायला लागलं. खांद्यापर्यंतचे तपकिरी केस, भांग उजवीकडे. खाली अक्षरं, 'हा विग अजून तुमची वाट पाहतोय! पुन्हा एकदा पाहा.'

"मुलांनी भिंतीकडे बघितलं," बाई म्हणाल्या, "मग माझ्याकडे बघितलं. मग परत भिंतीकडे. आणि मागच्या बाकावरून एक जण अगदी साधेपणाने म्हणाला, बाई, हे तर तुमचेच केस!"

शेजारी किल्लीवाल्याचं यंत्र तेवढं किर्र वाजत होतं.

"मी काही तरी थाप मारली. मुलं हसली. मी पण हसले. आणि तास संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. सांगायचं असतं तर मी सांगितलं असतं हो, मावशी! कधीतरी सांगणारच होते. पण कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, ते मी ठरवणार होते. तुम्ही रस्त्यात भेटलात तर मान फिरवता, म्हणून मी इतकी वर्षं तुमच्याकडे आले. आणि तुमच्या साइटने माझा वर्गापर्यंत पाठलाग केला!"

सून पुढे होऊन चाचरत म्हणाली, "बाई, साइट उघडल्यावर तिथे विचारतात... तुम्ही 'मान्य आहे' दाबलं असेल."

"दाबलं! त्या पाटीने अर्धा स्क्रीन अडवला होता. मला केस बघायचे होते, ती पाटी हटवायला ते बटण दाबलं. 'मान्य आहे' हे ढळढळीत हिरवं, आणि 'नको' शोधायला भिंग हवं. शाळेत असा पेपर काढला ना, तर पालक मला फाडून खातील."

मग बाईंनी पर्समधून शिंपल्याचं बटण काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "हे राहू दे तुमच्याकडेच," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मावशींच्या पायाखालची वाळूच सरकली. आजवर गिऱ्हाइकं कुरबुरली होती, रुसली होती, एकीने तर टोप फेकून मारला होता. पण बटण परत कुणी दिलं नव्हतं. त्यांना वडिलांची आठवण झाली आणि डोळे भरून आले. ते पुसून त्या सुनेकडे वळल्या.

"ये. बस इथे. तो कोड काय करतो ते मला नीट सांग. न गाळता सांग."

सुनेने सांगितलं. साइटवर कुणी आलं की त्या माणसाच्या कॉम्प्युटरवर एक बारीकशी खूण ठेवली जाते. मग तो माणूस दुसऱ्या कुठल्याही साइटवर गेला, बातम्या वाचायला, गाणी ऐकायला, की जाहिरात कंपनी ती खूण ओळखते आणि म्हणते, अरे, हा तर टोप बघत होता, दाखवा ह्याला टोप.

"म्हणजे," मावशी म्हणाल्या, "गिऱ्हाईक बोळातून गुपचूप आलं, की आपण त्याच्या पाठीवर पाटी चिकटवतो. आणि ते बिचारं ती पाटी घेऊन गावभर फिरतं."

सुनेने मान खाली घातली. "हो, आई. तसंच."

"आणखी काय काय करतो आपण?"

आणखी होतं. वेळ ठरवायच्या पानावर नाव विचारलं होतं. फोन नंबर विचारला होता. जन्मतारीख, का कुणास ठाऊक, तीही विचारली होती. आणि खाली लाल चांदणी लावून, म्हणजे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं, विचारलं होतं, 'केस कशामुळे गेले?'

मावशी बराच वेळ त्या चांदणीकडे बघत राहिल्या. "मी उभ्या जन्मात कुणाला हा प्रश्न विचारला नाही गं," एवढंच त्या बोलल्या. सून हमसून रडायला लागली, तेव्हा मात्र त्यांनी तिला जवळ घेतलं. "रडू नकोस. आकडे बघून मीही खुश होत होते. चूक दोघींची आहे, निस्तरूही दोघी."

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवाल्याला बोलावलं. तिशी-पस्तिशीचा, हसरा, बारा महिने डोक्यावर टोपी. कोड काढायचा म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"मावशी, असं करू नका. निम्मी गिऱ्हाइकं ह्या जाहिरातींनी येतात. सगळे असंच करतात."

"करोत. बोळाचं दार सगळ्यांकडे नाही."

"बरं, काढतो. पण गिऱ्हाइकांना काही सांगू नका. एका बाईंच्या लक्षात आलं, बाकी कुणाला माहीतही नाही."

"म्हणून तर सांगायचं," मावशी कडाडल्या. "ज्यांना माहीत नाही त्यांच्याच पाठीवर पाटी आहे ना अजून!"

टोपी जरा वर सरकवून त्याने कपाळ पुसलं आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "खरं सांगू? मी एकदा केस गळतीवर औषध शोधलं होतं. एकदाच. तेव्हापासून मला दुसरी जाहिरातच दिसत नाही. बायको विचारते, तुझ्या फोनवर सारखं तेल का येतं?" सून तोंडावर हात धरून हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी सवयीने त्याच्या टोपीवरची नजर काढून खिडकीकडे नेली.

त्या दिवसापासून तो त्यांच्या बाजूचा झाला. कोड काढला. लाल चांदणी काढली. जमलेली नावं, नंबर, तारखा, कारणं, सगळं पुसलं. सुनेने जाहिरात कंपनीला लिहिलं की आमच्या साइटमुळे तुमच्याकडे गेलेली माहिती पुसून टाका. उत्तर आलं नाही. परत लिहिलं. तेव्हा एक गुळमुळीत उत्तर आलं. तिने तिसऱ्यांदा असं काही लिहिलं की कंपनीने आठवड्याच्या आत कळवलं, तुमच्या दुकानाच्या नावावरची यादी पुसली. कुठून आणली होती तिने ती भाषा? सासूकडून, आणखी कुठून!

आणि साइटच्या पहिल्याच पानावर, टोपांच्या फोटोंच्याही वर, मावशींनी सांगितलं तसं सुनेने लिहिलं: 'तुम्ही आमच्या साइटवर आलात, ही गोष्ट आमच्यामुळे दुसऱ्यांना कळली. चूक आमची. ज्याने हे होत होतं ते आम्ही काढून टाकलं आहे. जुनी खूण तुमच्या कॉम्प्युटरवर असेल, ती कशी पुसायची ते खाली लिहिलं आहे, जमलं नाही तर दुकानात या, आम्ही पुसून देऊ. यापुढे इथे कुणी आलं तर ते आमच्याही लक्षात राहणार नाही.'

आता प्रश्न उरला, वेळ कशी ठरवायची? नाव नाही, नंबर नाही, मग कोण कधी येणार हे कसं कळणार? ह्यावर तोडगा काढला सुनेने. तिने एक दिवस मावशींचा बटणांचा डबा पालथा घातला, एकेका बटणाचा फोटो काढला, आणि साइटवर मांडला. येणाऱ्याने मोकळी वेळ निवडायची आणि एक बटण निवडायचं. झालं. दुकानात आल्यावर म्हणायचं, मी हिरव्या चौकोनी बटणाची. बोळातल्या दाराला आणखी काही लागत नाही.

"पण माणूस आलाच नाही तर?" वेबसाइटवाल्याने विचारलं.

"नाही आला तर नाही आला," मावशी म्हणाल्या. "तेवढ्या वेळात मी चहा पिईन." मग सुनेकडे वळून त्यांनी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "माझ्या बापाने कपाटात ठेवलं ते तू त्या यंत्रात ठेवलंस गं, पोरी!"

पण धंदा बसला, हे काही लपवण्यात अर्थ नाही. वेबसाइटवाला खोटं बोलला नव्हता. माफी वाचून दोघी-तिघींनी फोन करून खरमरीत सुनावलं, काही जुनी गिऱ्हाइकं यायची थांबली, नवी येईनात. खिडकीपाशी मावशी रिकाम्या जाळीकडे बघत बसायच्या. सून दिवसातून दहा वेळा बटणांचं पान उघडायची, एकही बटण हललेलं नसायचं. 'आपण केलं ते बरोबरच केलं' असं दोघी एकमेकींना सांगत, आणि जी सांगत असे तिला स्वतःलाच ते ऐकायचं असे.

मावशींच्या जिवाला मात्र दुसराच घोर होता. शिंपल्याचं बटण. बाईंना कसं कळवावं की सगळं नीट केलंय? नंबर नव्हता, कधीच नव्हता. शाळा जवळ होती, पण शाळेच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे परत तोच पाठलाग. मावशींनी ते बटण आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात घातलं. कधीतरी लागेल म्हणून. कपाटातली टोपी कधीमधी काढून त्या झटकून ठेवत.

काम नव्हतं म्हणून त्यांनी बऱ्याच वर्षांनी नाटकाचं काम घेतलं. गावातली एक मंडळी राणीचं नाटक बसवत होती. मावशींनी राणीसाठी गुडघ्यापर्यंतचा टोप केला, एकेक केस ओवून, काळ्यात मधूनच एक रुपेरी बट. सून म्हणाली, "आई, लांबून एवढं दिसणार आहे का कुणाला?" मावशी म्हणाल्या, "राणीला दिसणार आहे ना."

तोवर हळूहळू बटणं हलायला लागली होती. आधी एक पितळी. मग दोन निळी, दोघीही अगदी नव्या. एकीने खुर्चीत बसता बसता सांगितलं, मी बऱ्याच ठिकाणी बघितलं, सगळीकडे आधी माझी कुंडली मागितली. तुम्ही फक्त बटण मागितलंत. आणि एके सकाळी टोपी घातलेलं एक गिऱ्हाईक बोळातून आलं, इकडेतिकडे बघत म्हणालं, मी लाकडी बटणवाला. वेबसाइटवालाच! मावशींनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. माप घेतलं, टोपी शिवली, टोप तयार झाल्यावर बसवला. आठवड्याने तो रस्त्यात समोरून आला, दाट केसांचा आणि ताठ मानेचा, तर मावशी सरळ पिशवीत बघत निघून गेल्या. त्यालाच मागे धावत यावं लागलं. "मावशी! अहो मी! मला तरी ओळखा!" त्यानंतर त्याने आपल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या, एका त्वचेच्या डॉक्टरांच्या साइटवरूनही तो कोड स्वतःहून काढला.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला दोघी सासू-सुना गेल्या. मध्यंतर झालं, प्रेक्षक बाहेर आले. चहाच्या टेबलापाशी गर्दी झाली. आणि त्या गर्दीत मावशींना गणिताच्या बाई दिसल्या. सोबत शाळेतल्या पाच-सहा शिक्षिका. सगळ्या राणीच्या केसांबद्दलच बोलत होत्या.

मावशींनी आधी बाईंचं डोकं बघितलं, ते न बघता त्यांना राहवणारच नव्हतं. तोच जुना टोप. उजव्या भांगापाशी जाळी दिसायला लागली होती, कानामागे गाठी सुटत होत्या. हात शिवशिवले. बटण पर्समध्ये, बाई दोन पावलांवर, आणि मध्ये वडिलांचा नियम. सुनेने दंडाला धरून खुणावलं, जा ना! मावशींनी मान हलवली आणि पाठ फिरवून भिंतीवरचं नाटकाचं पोस्टर वाचायला लागल्या. पोस्टरवर फार काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ते चार वेळा वाचलं.

"काय मावशी, ओळख नाही दाखवायची?"

मावशी वळल्या. बाई समोर उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे सगळ्या शिक्षिका, चहाचे कप हातात घेऊन.

"तुम्ही दाखवली की दाखवते," मावशी म्हणाल्या.

"मग दाखवली!" बाई म्हणाल्या. "तुमची माफी वाचली मी. पण माफीवर भागत नाही, गणितात आम्ही उत्तर पडताळून बघतो. मी तोच लॅपटॉप पुसून घेतला आणि परत तुमच्या साइटवर जाऊन तासभर केस बघत बसले, मुद्दाम. मग रिकाम्या वर्गात त्याच भिंतीवर व्हिडिओ लावला. मग भरलेल्या वर्गात लावला. रोज लावला. बूट आले, कुकर आले, विमानाची तिकिटं आली. केस म्हणून एकही आला नाही!"

"पास?" सुनेने मागून घाबरत घाबरत विचारलं.

"पैकीच्या पैकी!"

मागच्या शिक्षिकांना काही उमगेना. "कसले केस? ह्या कोण?" एकीने विचारलं.

बाईंनी मान ताठ केली. मावशींच्या लक्षात आलं की त्या काय करणार आहेत. त्यांनी नको म्हणून हात हलवला. पण हे मावशींनी ठरवायचं नव्हतंच.

"मघापासून आपण राणीच्या केसांचं कौतुक करतोय ना, ते ह्यांनी केलेत," बाई म्हणाल्या. मग स्वतःच्या डोक्यावर तळहात ठेवून, खणखणीत आवाजात, जसं वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायला हवं तसं म्हणाल्या, "आणि हेही. गेली अकरा वर्षं."

मग एका शिक्षिकेने कप टेबलावर ठेवला, पुढे येऊन बाईंचे केस निरखले आणि म्हणाली, "अगं, मी तर तुला तुझा शाम्पू विचारणार होते!" हशा असा उसळला की चहावाल्याने किटली बाजूला ठेवून मान वर केली. बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मावशीही. सुनेचं तर विचारूच नका.

मावशींनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून शिंपल्याचं बटण काढलं आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं. मग सवयीने त्या बाईंच्या कानाशी झुकल्या आणि काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू येत नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "मोठ्याने बोला. आता काय लपवायचंय?"

मावशींनी आजूबाजूला बघितलं. भरलेली जागा, पन्नास माणसं, सगळ्यांची तोंडं इकडेच. उभ्या आयुष्यात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि राणीलाही आत विंगेत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मंगळवारी या, बाई! आणि पुढच्या दाराने या. भांग पार विरळ झालाय, मला मघापासून बघवत नाहीये!"